हात तिचा, पाटी कुणाची?

आपल्याकडे स्त्रीला 'अन्नपूर्णा' म्हणण्याची प्रथा आहे. सणासुदीला आणि भाषणांतून हा शब्द आपण सढळ हाताने वापरतो. परंतु धुळ्याहून जळगावला एस.टी.ने येताना मी रस्त्याकडेच्या ढाब्यांच्या पाट्या वाचत असते. मुकटी, पारोळा, एरंडोल, पाळधी. 'खान्देशी शेवभाजी', 'घरगुती जेवण', 'वांग्याचे भरीत'. पाट्यांवर अण्णा आहेत, आप्पा आहेत, भाऊ आहेत. जेवण घरगुती आहे, पण घरातली बाई दिसत नाही. एखाद्या पाटीवर 'आई' भेटते, तीही आशीर्वादापुरती. गल्ल्यावर कोण बसले आहे ते पाहावे!

दूरचित्रवाणीने हे चित्र बदलेल असे वाटले होते. झी मराठीवरील 'आम्ही सारे खवय्ये' हा कार्यक्रम माझ्या लहानपणी घरोघरी पाहिला जाई. साध्या गृहिणी पडद्यावर येऊन पदार्थ करून दाखवीत. शेजारच्या बायका कौतुकाने म्हणत, "आपल्यासारखीच आहे की ही!" कार्यक्रम संपला की ती बाई पुन्हा आपल्या स्वयंपाकघरात. याउलट ई टीव्ही मराठीवरील 'मेजवानी'तून घराघरांत पोचलेल्या विष्णू मनोहर यांनी पुढे 'विष्णुजी की रसोई' ही उपाहारगृहे काढली. २०१८ साली आपल्या जळगावात त्यांनी २५०० किलो भरीत करून दाखविले. त्यांच्या कष्टांविषयी मला आदरच आहे. माझा प्रश्न निराळा आहे. कपाशीच्या काड्यांवर वांगी भाजून, मिरचीबरोबर ठेचून हे भरीत पिढ्यान्पिढ्या ज्यांनी केले, त्या बायकांना पडद्यापासून मालकीपर्यंतची ही वाट का सापडू नये?

ती वाट नाही असे नव्हे. रांचीत वाढलेली मनीत चौहान ही मुलगी मणिपालला हॉटेल व्यवस्थापन शिकली आणि अमेरिकेत गेली. शिकागोच्या एका उपाहारगृहात ती मुख्य आचारी झाली. पाककलेच्या 'चॉप्ड' या स्पर्धेची परीक्षक म्हणून तिचा चेहरा अमेरिकेत घरोघरी ओळखीचा झाला. तरीही ती ज्या स्वयंपाकघरात राबत होती, ते दुसऱ्याच्या मालकीचे होते. २०१४ साली तिने नॅशव्हिल शहरात स्वतःचे उपाहारगृह उघडले आणि त्याच्या नावातच 'चौहान' घातले. नंतर २०२१ आणि २०२४ साली तिने 'टूर्नामेंट ऑफ चॅम्पियन्स' ही मोठी स्पर्धा जिंकली. आपल्या मराठी मुलखातले उदाहरण हवे असेल, तर जयंती कठाळे यांनी संगणक क्षेत्रातील नोकरी सोडून बंगळूरला 'पूर्णब्रह्म' हे मराठी जेवणाचे उपाहारगृह उभे केले. पडद्याने चेहरा मिळतो, टाळ्या मिळतात. पण मिळकत आणि निर्णयाचा अधिकार येतो तो मालकीने.

कोणी म्हणेल, "अमेरिकेच्या गोष्टी आमच्या धुळ्या-जळगावात काय कामाच्या?" म्हणून आता घरची गोष्ट सांगते. ती सांगणे मला सोपे नाही.

माझी माय मांडे करते. गहू ओलवून दळलेले पीठ वस्त्रगाळ करायचे, सैल भिजवून मळमळ मळायचे, पुरण भरायचे आणि तो उंडा दोन्ही हातांवर कोपरापर्यंत फिरवीत फिरवीत रुमालाएवढा करून तापल्या खापरावर टाकायचा. ही कला ग्रंथ वाचून येत नाही. आखाजीच्या दिवसांत आणि लग्नसराईत माय पहाटे चारला घर सोडते व चुलीच्या धगीत दिवसभर उभी राहते. तिला रोज मिळतो. ज्या आचाऱ्याकडे ती जाते, त्याच्या छापील कार्डावर मांडा पेलणारे दोन हात आहेत. ते हात माझ्या मायचे आहेत. डाव्या मनगटावरचा भाजल्याचा डाग मी ओळखते. कार्डावर चेहरा नाही. नाव आचाऱ्याचे.

एकदा मी ते कार्ड मायला वाचून दाखविले. ती हसली आणि म्हणाली, "हात मन्हा, नाव दुसरानं."

पण आचाऱ्याला दोष देऊन मी मोकळी होऊ शकत नाही. प्रथम वर्षाला असताना एका मैत्रिणीच्या बहिणीच्या लग्नाला गेले होते. पंगतीत मांडे आले. मैत्रीण म्हणाली, "काय सुंदर झालेत ना!" मांडवामागे कोण उभे आहे हे मला ठाऊक होते. आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. माझी फी त्याच खापरावर भाजून निघाली होती. आणि मी मान खाली घालून जेवत राहिले. कार्डावरून मायचे नाव आचाऱ्याने वगळले. माझ्या तोंडून ते मीच वगळले. यात फरक काय?

यंदा मायने एक लहानसा गाळा भाड्याने घ्यायचे मनात आणले आहे. घरच्यांची हरकत नाही. मात्र कागद भावाच्या नावाने करावेत असे सर्वांचे म्हणणे. "बाईच्या नावावर कशाला? तिला सहीसुद्धा धड येत नाही." माझे मत असे की सर्व लढाई येथेच आहे. १९५९ साली मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला सुरुवात केली, त्यातून 'लिज्जत' उभे राहिले. तेथे पापड लाटणारी बाई मजूर नसते, संस्थेची भागीदार असते. २०१५ पासून मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज मिळते. बचत गट तर गावोगाव आहेत. अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणीही बाईच्या नावाने होते. हे सर्व असताना बाईच्या हाताने धंदा उभा करायचा आणि कागद पुरुषाच्या नावाचा, ही रीत आपण शिकलेली मुलेमुली तरी का चालू ठेवतो? प्रत्येक बाईचे मोठे हॉटेल होणार नाही, हे मलाही कळते. पण गाळा लहान असला म्हणून त्याची मालकी लहान ठरत नाही.

आणि सही येत नाही म्हणून नाव नको, असे म्हणणाऱ्यांना मी एक आठवण देते. आसोद्याच्या लेकीला, बहिणाबाईंना, लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलाने आणि आप्ताने उतरवून घेतल्या. त्यांच्या निधनानंतर १९५२ साली पुस्तक निघाले. लिहून घेणारे हात दुसऱ्यांचे होते, तरी पुस्तकावर नाव बहिणाबाईंचेच छापले गेले. २०१८ पासून ते नाव आपल्या विद्यापीठाला आहे. उद्या तुमच्या-माझ्या पदवीपत्रावर एका निरक्षर बाईचे नाव असणार आहे.

सुट्टीत मी धुळ्याला जाईन तेव्हा बँकेचा अर्ज मायच्या नावाने भरणार आहे. घरात वाद होईल, तो होऊ द्यावा. गाळा मिळाला तर पाटीही मीच रंगवीन. अक्षर माझे असेल, नाव तिचे. आणि त्या मैत्रिणीला पहिल्या दिवशी जेवायला बोलावून सांगेन की, त्या लग्नातले मांडेही हिनेच केले होते.

— द्वितीय वर्ष, कला