रजिस्ट्रेशनला स्वतः जा हो!

मोबाईल घ्यायचा तर आपण पंधरा दिवस रिव्ह्यू वाचतो. फ्लॅटसाठी वीस वर्षांचं कर्ज काढतो, आणि रजिस्ट्रेशनच्या दिवशी मात्र आपली नेमकी रिलीज असते! "बाबांच्या नावाने पॉवर ऑफ अ‍ॅटर्नी करून टाकू, एजंट सगळं बघतो." ऑफिसात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता लिहायलाच हवं.

कायद्याने हे चालतं, मान्य. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३२ प्रमाणे मुखत्यारालाही दस्त सादर करता येतो. पण कलम ३३ ची अट आहे: तुम्ही भारतात राहत असाल तर असं मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधकासमोरच करावं लागतं. म्हणजे हेलपाटा वाचतच नाही! मग तोच हेलपाटा खऱ्या कामासाठी का मारू नये?

दुय्यम निबंधकाच्या ऑफिसात होतं काय? फोटो, अंगठा, ओळख पटवणारे साक्षीदार, आणि "हा दस्त तुम्हीच लिहून दिलाय ना?" या प्रश्नावर कबुली. तिथली गर्दी बघून हे सगळं नाटक वाटतं. पण विकणारा माणूस खरंच तोच आहे ना, हे समोरासमोर बघायची ही शेवटची संधी असते. एकदा दस्ताला नंबर पडला की अनडू नाही!

दुसरं म्हणजे डेटा एंट्री. आपण आयटीवाले, चुका कुठे शिरतात ते आपल्याला सांगायला नको. सूची २ वर नाव, फ्लॅट नंबर, सर्व्हे नंबर, कार्पेट एरिया, मोबदला यातलं काहीही चुकू शकतं. नोंदणी पूर्ण होण्याआधी प्रिंट मागून ओळ न् ओळ वाचलीत तर पाच मिनिटांत दुरुस्ती होते. नंतर कळलं तर चूक दुरुस्तीचा दस्त, आणि त्यावर विकणाऱ्याची पुन्हा सही. तोवर तो मुलाकडे न्यू जर्सीला गेलेला असला तर? बसा वाट बघत. एजंटला त्याचं कमिशन मिळालेलं असतं, त्याला तुमच्या नावातली वेलांटी कशाला दिसेल?

आता परदेशातल्या मंडळींचं काय? सुट्टी, विमानाचं तिकीट, सगळं खरं आहे. जमतच नसेल तर भारतीय वकिलातीत किंवा तिथल्या नोटरीसमोर मुखत्यारपत्र करा, ते फक्त या एका व्यवहारापुरतं ठेवा, आणि इथे पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरा. आई, बाबा, सख्खा भाऊ यांच्यापलीकडे कुणाला देऊ नका. आणि "रजिस्ट्रेशन कशाला, पॉवरवरच व्यवहार करू" असं कुणी म्हणालं तर सरळ उठून या. नुसत्या मुखत्यारपत्राने मालकी मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट सांगितलंय.

थोडक्यात काय, तर एक दिवस रजा टाका. ओरिजिनल आधार, पॅन घ्या, दस्ताचा मसुदा आदल्या रात्री वाचा, पाण्याची बाटली आणि भरपूर पेशन्स सोबत ठेवा. मॅनेजर कुरकुरेल, कुरकुरू दे. हप्ते तो भरणार नाहीये :)