तापासोबत पोटदुखी असेल, तर मागचा महिना आठवा

धाराशिव जिल्ह्यातल्या आईबापांना आणि आजीआजोबांना एक विनंती. लेकराला तीन दिवस ताप आहे आणि सोबत पोट दुखतंय, उलट्या किंवा जुलाब होताहेत, तर ‘बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल’ म्हणून वाट बघू नका. मागच्या दीड महिन्यात त्याला किंवा घरात कुणाला करोना, निदान ताप-खोकला येऊन गेला होता का, ते आठवा. डॉक्टरांनी विचारायची वाट न बघता आपणहून सांगा.

करोना होऊन दोन ते सहा आठवडे उलटल्यावर मोजक्या मुलांची प्रतिकारशक्ती बिथरते आणि स्वतःच्याच शरीरावर उलटते. हृदय, रक्तवाहिन्या, आतडी यांना सूज येते. डॉक्टर या आजाराला ‘एमआयएस-सी’ म्हणतात. एप्रिल २०२० मध्ये ब्रिटनच्या डॉक्टरांनी तो ओळखला. त्याच उन्हाळ्या-पावसाळ्यात मुंबईच्या चार रुग्णालयांत अशा २३ मुलांची नोंद झाली. अमेरिकेतल्या १८६ रुग्णांच्या पाहणीत तर ९२ टक्के मुलांना पोटाचा त्रास होता. म्हणजे दुखणं बहुतेकदा छातीत नव्हे, पोटात जाणवतं.

आतड्यांना आणि पोटातल्या गाठींना सूज आली की पोट इतकं दुखतं की अपेंडिक्स वाटावं. लंडनमध्ये २०२० साली आठ मुलांच्या बाबतीत तसंच वाटलं होतं. आधीचा करोना इतका सौम्य असू शकतो की घरात कुणाला कळतही नाही. त्यामुळे ‘आमच्या लेकराला करोना झालाच नव्हता’ असं छातीठोकपणे सांगू नका.

घाबरूनही जाऊ नका. हा आजार दुर्मीळ आहे, आणि पहिल्या लाटांनंतर त्याचं प्रमाण खूप घटलं आहे. ताप आणि पोटदुखी डेंग्यूत, टायफॉइडमध्येही येते. पण यातलं काहीही घरी बसून ओळखता येत नाही.

पुढलं काही दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा: डोळे लाल पण चिपडं नाहीत; अंगावर पुरळ; ओठ लाल, फुटलेले; हातपाय सुजलेले. हातपाय गार पडले, धाप लागली, लघवी कमी झाली किंवा लेकरू मलूल पडून उठेना, तर एक मिनिट दवडू नका. १०८ ला फोन करा.

पोटावर बिब्ब्याचे चटके देऊ नका. दुकानातून गोळ्या आणून देऊ नका. उलट्या होत असतील तर ओआरएस घोट-घोट पाजत दवाखान्याकडे निघा. सलाईन लावा म्हणून डॉक्टरांच्या मागे लागू नका. हृदय थकलेलं असेल तर जास्तीचं सलाईन त्याला झेपत नाही.

उमरगा असो की परंडा, तालुक्याच्या डॉक्टरांनी पुढे पाठवलं तर ‘उद्या बघू’ म्हणू नका. या आजारात रक्ताच्या तपासण्या आणि हृदयाची सोनोग्राफी, म्हणजे इको, करावी लागते. मुलांचा अतिदक्षता विभागही लागू शकतो. वेळेवर स्टेरॉइड आणि इम्युनोग्लोब्युलिनची औषधं मिळाली की बहुतेक मुलं बरी होतात.

घरी आल्यावर कागदपत्रं जपून ठेवा. इकोची पुढची तारीख चुकवू नका. डॉक्टर हो म्हणेपर्यंत कबड्डी, पळापळ बंद. इम्युनोग्लोब्युलिन दिलं असेल तर ते लस देणाऱ्या सिस्टरला सांगा, कारण गोवराची लस साधारण अकरा महिने पुढे ढकलावी लागते.

तपासण्या डॉक्टर करतील. पण महिन्याभरापूर्वी घरात कोण खोकत होतं, हे त्यांच्या कुठल्याच यंत्रात दिसणार नाही. ते फक्त तुम्हाला ठाऊक आहे. तेवढं न विसरता सांगा.