बंब पेटवण्यापूर्वी, राहुरीकरांनो

दिवाळी तोंडावर आली. माळ्यावरचे तांब्याचे बंब खाली उतरतील, चिंच-मीठ लावून घासले जातील आणि शिमग्यापर्यंत रोज पहाटे पेटतील. घरात गॅस आला, तरी अंघोळीच्या पाण्यासाठी बंब आणि मागच्या दारची चूल पुष्कळ घरांतून सुटलेली नाही. ती सोडा, असं मी म्हणत नाही. पऱ्हाट्या-तुऱ्हाट्या बांधावर फुकट पेटवून देण्यापेक्षा त्यांवर पाणी तापलेलं बरं. पण काय जाळतो आणि कसं जाळतो, याकडे या हिवाळ्यात लक्ष द्या, ही कळकळीची विनंती.

थंडीत पहाटे धूर वर चढत नाही, गल्लीतच साचून राहतो. त्यात दुधाच्या पिशव्या, तुटक्या चपला, ट्यूबचे तुकडे पडले की शाळेला निघालेली पोरं खोकायला लागतात. पीव्हीसीचे पाइप, वायरी जळताना डायॉक्सिनसारखी विषं तयार होतात. ती राखेतही उतरतात आणि तीच राख आपण भांड्यांना लावतो, वाफ्यात टाकतो. म्हणून रबर-प्लास्टिक बंबात नकोच. पेटवायला नारळाची शेंडी पुरते.

धूर म्हणजे न जळलेलं सरपण. ओल्या लाकडाची बरीच धग त्यातलं पाणी आटवण्यातच जाते. बाभळीचं लाकूड बारीक फोडून छपराखाली रचा. दोन ढलप्या एकमेकींवर आपटून बघा: वाळलेल्या खणखणतात, ओल्या बद्द वाजतात. जाळीखालची राख रोज काढा, म्हणजे खालून हवा खेळेल. नळीतली काजळी आणि बोअरच्या जड पाण्याने आतून धरलेला क्षारांचा थर, दोन्ही धग पाण्यापर्यंत पोचू देत नाहीत.

चुलीचंही तसंच. साध्या चुलीत सरपणाची जेमतेम दहा टक्के उष्णता भांड्याला लागते. सुधारित चुलीसाठी 2013 च्या भारतीय मानकाने किमान 25 टक्क्यांची अट घातली आहे. 1983 नंतरच्या सरकारी मोहिमेत आमच्याकडेही निर्धूर चूल आली होती. दोन वर्षं घर स्वच्छ राहिलं. धुराडं मात्र आम्ही एकदाही झाडलं नाही. ते तुंबलं, धूर पुन्हा घरात कोंडला आणि आईने एका दुपारी पहारीने ती चूल फोडून जुनी मांडली. महिन्यातून एकदा काठीला चिंधी बांधून धुराडं झाडलं असतं, तर तिचे डोळे पुढची वीस वर्षं चुरचुरले नसते. नवी चूल घ्याल तेव्हा धुराडं झाडायचं काम घरातल्या पुरुषाने अंगावर घ्यावं.

आणि बंद न्हाणीत पेटता बंब कधीही ठेवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. माणूस अंघोळ करता करता कोसळतो. बंब उघड्यावर पेटवा, पाणी बादलीने आत न्या.

पहिल्या अंघोळीच्या आदल्या दिवशी बंब एकदा पेटवून बघा. दहा मिनिटांनीही नळीतून काळा, दाट धूर निघत असेल, तर सरपण, जाळी आणि काजळी त्याच संध्याकाळी तपासा.