प्रतिकाराचा सराव, आपला आपण



२०२४ च्या ऑगस्टमध्ये आधी कोलकात्याच्या सरकारी रुग्णालयातली आणि पाठोपाठ बदलापूरच्या शाळेतली बातमी आली. पुढच्या महिन्याभरात आमच्या वस्तीत स्वसंरक्षणाची दोन शिबिरं झाली. एक माजी नगरसेवकाने भरवलं, दुसरं गणेश मंडळाने. २०१२ च्या डिसेंबरात दिल्लीची घटना घडली तेव्हाही असंच झालं होतं. फलकावर झाशीची राणी, मंचावर कराटेचे सर, पांढऱ्या पोशाखातल्या मुली एका फटक्यात फरशी फोडताहेत, आणि शेवटी प्रमाणपत्रं. मी दोन्हीकडे गेले होते. दोन्ही प्रमाणपत्रं कपाटात आहेत.

दुसऱ्या शिबिराच्या शेवटी सरांनी विचारलं, "कुणाला काही शंका?" मागच्या रांगेतली एक बाई उठली. "सर, माणूस घरातलाच असला तर? खोली दहा बाय दहाची, खाली पोरं झोपलेली. लाथ मारायला पाय कुठून उचलायचा?"

सर भले गृहस्थ आहेत. पण ते गोंधळले, "ताई, तो कौटुंबिक प्रश्न झाला" म्हणाले आणि पुढची फरशी मांडायला सांगितली.

त्या बाईच्या प्रश्नातून आमचा गुरुवारचा गट सुरू झाला. तुमच्यापैकी काही गटांनी पत्रं पाठवून त्याची चौकशी केली आहे, म्हणून या अंकात त्याविषयी लिहिते आहे. दुसरंही एक कारण आहे. या गटात माझ्या हातून एक चूक झाली. तीच चूक तुमच्याकडे होण्याआधी सांगितलेली बरी.

कौटुंबिक प्रश्न! राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे वार्षिक अहवाल उघडून पाहा. नोंदल्या गेलेल्या बलात्कारांपैकी दहांतल्या नऊहून अधिक प्रकरणांत आरोपी त्या बाईच्या ओळखीचा असतो. नातलग, शेजारी, मालक, मित्र, लग्नाचं वचन दिलेला. आणि शिबिरात आपण शिकतो काय, तर अंधाऱ्या गल्लीत मागून येणाऱ्या अनोळखी माणसाशी लढायला. अनोळखी माणसाला लाथ मारताना मन आड येत नाही. चुलतदिराचा हात झटकताना येतं. तो वहिनी म्हणतो, पोरांना खाऊ आणतो, कदाचित नवऱ्याला कामावर त्यानेच चिकटवलेलं असतं. हात झटकण्याआधी आपण मनातल्या मनात शंभर हिशेब करतो, आणि नेमका तेवढाच वेळ त्याला पुरतो.

गट जमतो बालवाडीच्या खोलीत, गुरुवारी संध्याकाळी साडेसात ते नऊ. आम्ही ११ जणी आहोत. धाकटी १७ वर्षांची, थोरली ५८ वर्षांच्या भाजीवाल्या मावशी. सुरुवातीचे चार गुरुवार ज्युडो शिकवणारी एक मैत्रीण आली, आता ती दोन महिन्यांतून एकदा येऊन चुका दाखवते. बाकी सगळं आपापसात. मास्तर नकोत असं काही व्रत नाही. पण सर 'पवित्रा' नीट करायला म्हणून खांद्याला हात लावतात, तेव्हा निम्म्या जणी आक्रसतात हे आम्ही पाहिलं आहे. शिवाय घरातलं त्यांच्यासमोर कुणी बोलत नाही, आणि घरातलं बोलल्याशिवाय सराव कशाचा करायचा हेच ठरत नाही. आमच्याकडे पहिला अर्धा तास बोलण्याचाच असतो. कुणाला कुठे, कशा प्रकारे धरलं गेलं होतं ते ती सांगते, सांगायचं असेल तर. मग ती जागा खडूने आखायची. इथे मोरी, इथे पलंग, दार या बाजूला. आणि तिथे उभं राहून करून पाहायचं.

कपडे रोजचेच. ट्रॅकसूट घालून कुणी स्वयंपाक करत नाही. साडी नेसून गुडघा किती वर जातो, पदर कुठे अडकतो, चप्पल कधी पायात ठेवायची आणि कधी उडवायची, हे कळायला दोन महिने लागले. काचेच्या बांगड्या मात्र काढून ठेवतो, पहिल्याच दिवशी एकीचं मनगट कापलं होतं. मंगळसूत्रावरून वादावादी झाली. ओढलं तर गळा कापेल म्हणून काढा असं मी म्हटलं, दोघींनी साफ नकार दिला. मावशी म्हणाल्या, "घरात तिच्या गळ्यात असणारच ना? मग इथे काढून काय शिकणार?" मावशींचं बरोबर होतं. आता ते ब्लाउजच्या आत खोचून सराव होतो, आणि कुणी ते पकडून ओढलं तर काय करायचं याचाही होतो.

प्रत्यक्ष शिकलो ते फार नाही, आणि ते मुद्दामच थोडं ठेवलं आहे. मनगट धरलं तर धरणाऱ्याच्या अंगठ्याच्या बाजूने हिसडा द्यायचा, कारण पकड तिथेच कच्ची असते. हे शिकवावंच लागलं नाही. मंगळागौरीला ज्यांनी फुगडी घातली आहे त्यांना हात कुठून सुटतो ते ठाऊक असतं. केस धरले तर ओढाओढ न करता त्याचा हात दोन्ही हातांनी आपल्याच डोक्यावर दाबून धरायचा, मग वळायचं. मुठीने मारायचं नाही, बोटं मोडतात. तळहाताची टाच नाकावर. कोपर, गुडघा, पायावर टाच. खाली पाडलं तर पाठीवर पडून दोन्ही पायांनी त्याला दूर ठेवायचं. मारायला एक पोतं आहे, चिंध्या आणि जुनी गोधडी भरलेलं, खिडकीच्या गजाला बांधलेलं. हल्लेखोराचं काम आळीपाळीने आम्हीच करतो. कुणीही "थांब" म्हटलं की त्या क्षणी सगळं थांबतं, चेष्टेतसुद्धा. सुरा हिसकावून घेणं वगैरे आम्ही करत नाही. पर्स मागितली तर द्यावी आणि पळावं. हे मावशींना अजून पटलेलं नाही, त्यांच्या मते गल्ल्याचे पैसे म्हणजे गल्ल्याचे पैसे.

सगळ्यात अवघड निघाला तो आवाज. बाजारात "मेथी, मेथी" म्हणून चार गल्ल्या दणाणून सोडणाऱ्या मावशींच्या तोंडून "हात काढ" निघेना. एक मुलगी "प्लीज" म्हणूनच थांबली. एकीला ओरडायच्या ऐवजी हसू फुटायचं, आणि हसताहसता एकदा रडू. त्या गुरुवारी आम्ही पोत्याला हातही लावला नाही. मग समोर अनोळखी गुंडाऐवजी ओळखीचा माणूस उभा केला, म्हणजे आमच्यातलीच एक, खांद्यावर टॉवेल टाकून: "काय वहिनी, एवढं काय झालं? गंमत केली." याला उत्तर द्यायचं, मागे न सरकता, दोन्ही तळवे छातीशी धरून, समजावणीचं एक अक्षरही न बोलता. लाथेपेक्षा हा सराव आम्ही कितीतरी जास्त केला.

हे आम्हीच शोधून काढलं असं समजू नका. कॅनडात १९७० च्या दशकापासून बायकांनी बायकांना शिकवायची 'वेन-डो' नावाची पद्धत आहे. तिथल्याच शार्लिन सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३ विद्यापीठांत पहिल्या वर्षाच्या ८९३ विद्यार्थिनी घेऊन एक अभ्यास केला, तो २०१५ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. साधारण निम्म्या मुलींना १२ तासांचं प्रशिक्षण दिलं, बाकीच्यांना माहितीपत्रकं. वर्षभरात बलात्कार झाल्याचं प्रमाण पत्रकं मिळालेल्यांत ९.८ टक्के निघालं, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२ टक्के. त्या १२ तासांत हाणामारीचा भाग थोडाच होता. धोका वेळेत ओळखणं आणि ओळखीच्या पुरुषाला विरोध करताना मनात येणारे अडसर दूर करणं, यावर मोठा भर होता. कॅनडाचं विद्यापीठ म्हणजे आपली वस्ती नव्हे हे मला कळतं. पण संकोच हाही सरावाचाच विषय आहे, एवढं त्यातून घेण्यासारखं आहे.

आता माझी चूक. आमच्यातली एक जण गोदामात पॅकिंगचं काम करते. आठ महिने न चुकता येत होती, पोत्यावर सगळ्यात जोरकस फटका तिचाच. ती तीन गुरुवार आली नाही. चौथ्या गुरुवारी आली आणि भिंतीशी बसली. मग म्हणाली, "मुकादमाने मागून धरलं. मला काही आठवलंच नाही. हात दगडासारखे झाले. तो गेल्यावर मी परत खोकी बांधायला लागले."

आणि मी, जिने इतकी वर्षं मोर्चे काढले, पोलीस चौकीत बायकांच्या बाजूने भांडले, ती मी पटकन बोलून गेले, "अगं, एवढा सराव केलास, मग?"

ती उठली, चपला घातल्या आणि गेली.

मथुरेचा खटला आपल्यापैकी पुष्कळजणींना पाठ आहे. १९७२ साली देसाईगंजच्या पोलीस ठाण्यात एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाला, आणि १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही पोलिसांना निर्दोष सोडलं. तिच्या अंगावर जखमा नाहीत, तिने आरडाओरडा केला नाही, म्हणजे तिची संमती असणार. चार कायदेतज्ज्ञांनी १९७९ मध्ये खुलं पत्र लिहिलं, १९८० मध्ये आपण देशभर रस्त्यावर उतरलो, १९८३ मध्ये कायदा बदलला. केवळ शारीरिक प्रतिकार केला नाही म्हणून संमती होती असं धरता येणार नाही, हे २०१३ च्या दुरुस्तीने स्पष्टपणे लिहिलं गेलं. ते आजच्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ६३ मध्येही आहे. कायद्याकडून हे लिहून घ्यायला आपल्याला तीन दशकांहून अधिक काळ लागला. आणि बालवाडीच्या खोलीत मी एका वाक्यात ते पुसून टाकलं. न्यायाधीशांनी निदान तिच्या जखमा शोधल्या होत्या, मी तिच्या हजेरीपटावरून तिला दोषी ठरवलं.

भीतीने शरीर गोठतं. हा भित्रेपणा नाही आणि सरावातली कुचराईही नाही, पळणं किंवा लढणं जसं शरीराचं असतं तसंच हेही. सरावाने गोठण्याची शक्यता कमी होत असेल, पण ती जाईल असं वचन कुणी देऊ नये. कॅनडातल्या त्या मुलींबाबत नंतर असंही आढळलं की प्रशिक्षणाने बाईलाच दोष देण्याची वृत्ती कमी झाली. आमच्याकडे ते आपोआप झालं नाही. मी तिच्या घरी गेले, माफी मागितली. ती चहा करत होती, पाठमोरीच म्हणाली, "ताई, तुम्ही विचारलं तेच मी स्वतःला रोज विचारते." दोन महिन्यांनी, तीन महिन्यांची मुदत संपण्याआधी, तिने जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे अर्ज दिला. तो कसा लिहायचा हेसुद्धा गुरुवारीच ठरलं, पोत्याला पाठ टेकून. आता जिने जे केलं किंवा केलं नाही त्याला "मग?" असं विचारायचं नाही, हा आमचा नियम आहे. "थांब"च्याही वरचा.

चळवळीतल्या जुन्या मैत्रिणी या गटावर रागावतात तो इथेच. पुरुषांनी वागणं सुधारायचं सोडून बायकांनी गुडघे का झिजवायचे? उद्या तालीम केली नाहीस म्हणून तुझ्यावर वेळ आली, असं म्हणतील. म्हणतीलच, मी स्वतः म्हटलं की! पुरुषांबरोबरचं काम सोडा असं कुणीच म्हणत नाही. पण तोपर्यंत मागच्या रांगेतल्या त्या बाईने काय करायचं, याचं उत्तर मला या आक्षेपात सापडत नाही.

नवऱ्याच्या मारहाणीबाबत मात्र आम्ही जपून असतो. त्याच्यासोबत रात्र काढायची असेल तिला "तूही दे ठेवून" असं सांगणं सोपं आहे, आणि त्यातून मार वाढू शकतो. तिथे वेगळ्या गोष्टींचा सराव होतो. भांडण वाढलं की स्वयंपाकघरातून, विळी आणि स्टोव्हपासून दूर व्हायचं, दार पाठीशी ठेवायचं. रेशनकार्ड आणि मुलांचे दाखले शेजारणीकडे. भांडं तीनदा वाजलं की शेजारणीने ११२ ला फोन लावायचा. २००५ च्या कायद्याखाली संरक्षण अधिकाऱ्याकडे जायचं तर सोबत कोण येणार ते आधी ठरवायचं.

कायद्याचं एक आणखी, कारण "मी मारलं तर मलाच आत टाकतील" हे दर वेळी निघतंच. स्वतःच्या बचावाचा हक्क १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये आहे. गरजेपेक्षा जास्त इजा करता येत नाही हे खरं. पण बलात्काराच्या, पळवून नेण्याच्या किंवा ॲसिडच्या हल्ल्यात हा हक्क हल्लेखोराचा जीव जाण्यापर्यंतही पोचतो, हे कलम ३८ सांगतं. सुटका झाली की मारणं थांबवायचं आणि आपणच आधी पोलिसांत कळवायचं, एवढं आम्ही घोकून ठेवलं आहे.

सुरू करायला एक खोली, एक पोतं आणि पाच जणी पुरतात. निदान दर आठवड्याला भेटा, शरीर लवकर विसरतं. गुडघे दुखणाऱ्या, पोटुशी, काठीने चालणाऱ्या मैत्रिणींना "तू नुसती बस" म्हणू नका. बसल्या जागेवरून काय करता येतं ते त्याच शोधून काढतात. मावशींचा स्टुलावरून मारलेला कोपर मी खाल्ला आहे, त्याची जरब त्या पोत्याला विचारा.

आणि ओरडायचा शब्द ज्या त्या गटाने आपला ठरवावा. "वाचवा" आम्ही सोडून दिला. गोदामातली मैत्रीण परत आली तेव्हा तिने नवा काढला: "ए, हात! हात!" दोनदा. माना वळतात त्या थेट त्याच्या हाताकडे. आता तोच चालतो, आणि सुरुवातीला ओरडून घ्यायचं काम तिच्याकडे आहे. तुमच्याकडे, खानदेशात, कोकणात, बेळगाव-कारवारकडे काय ओरडतात ते कळवा. पुढच्या अंकात छापू.