बॅकसचा सर्प आणि आमची घाई

रोमन मद्यदेव बॅकस याच्या शिल्पात सर्प दिसला रे दिसला, की आमच्याकडील कित्येक लेखकांची लेखणी तत्काळ कैलासाकडे धाव घेते. अंगावर श्वापदाचे कातडे, भोवती उन्मत्त गण आणि जवळ सर्प, एवढ्या सामग्रीवर 'बॅकस म्हणजे आपला शंकरच' असा निकाल दिला जातो. साम्य मुळीच नाही, असे आमचे म्हणणे नाही. परंतु साम्य दिसणे हा शोधाचा केवळ आरंभ होय.

सर्प आहे एवढ्याने काय सिद्ध होते? तो कोठे आहे, हे आधी पाहावयास हवे. शंकराचा नाग कंठी असतो. रोमन शवपेटिकांवर कोरलेल्या बॅकसच्या मिरवणुकीत सर्प पुष्कळदा एका करंडीतून डोके वर काढतो. कित्येक ठिकाणी बोकडाच्या पायांचा पॅन देव खुराने तिचे झाकण उडवीत असतो. ही करंडी बॅकसच्या गुप्त दीक्षाविधीची खूण होय. पर्गममच्या नाण्यांवर इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातच ती सर्पासह उमटली आहे. ग्रीक मंडळी या देवास डायोनिसस म्हणत. युरिपिडीजच्या 'बॅकाय' नाटकात त्याला जन्मतःच सर्पांचा मुकुट लाभतो, हे खरे. पण भक्त स्त्रिया केसांत सर्प गुंफतात त्या यामुळेच, असा उलगडाही तेथेच आहे. ग्रीकांनी स्वतः सांगून ठेवलेला अर्थ आमच्या पुराणांत धुंडाळण्याचे प्रयोजन काय?

शिवाय बॅकसजवळचा प्रत्येक सर्प बॅकसचाच असतो, असेही नाही. पाँपेईतील एका घरच्या देवघराच्या चित्रात द्राक्षांनी मढलेला बॅकस व्हेसुव्हियसच्या शेजारी उभा आहे आणि खाली वेदीपाशी मोठा सर्प आहे. तसले सर्प पाँपेईच्या देवघरांत सर्रास आढळतात. ते वास्तूचे रक्षक.

हा दोष आमचाच आहे, असेही नव्हे. अलेक्झांड्रियाच्या क्लेमंट या ख्रिस्ती धर्मपंडिताने सुमारे १८०० वर्षांपूर्वी बॅकसच्या भक्तांची आरोळी आणि आदिमाता ईव्हचे नाव यांत ध्वनिसाम्य पाहून त्या सर्पात आद्य पाप शोधले. त्याने बायबल डोळ्यांवर बांधले, आम्ही पुराणे बांधतो. डोळे मात्र दोघांचेही झाकलेलेच!

यात अभिमानाचे समाधान म्हणावे, तर तेही नाही. बाल्टिमोरच्या वॉल्टर्स संग्रहालयातील, सुमारे इ. स. १९० च्या शवपेटिकेवर बॅकस दिसतो तो हिंदुस्थान जिंकून परतणारा वीर म्हणून. ज्याला रोमन शिल्पकाराने आमचा जेता केले, त्यालाच घरचा देव ठरविण्यासाठी आमच्या विद्वानांनी एवढी धडपड करावी, ही मौज खरी! तुलना अवश्य करावी. पण ती करणाराने आधी शिल्प नीट पाहावे, इतकीच आमची मागणी आहे.