आधी थांबायला, मग पळायला

मागच्या आठवड्यात साखरआंब्याबद्दल लिहिलं आणि आज एकदम मोटारगाडी, हे कसं काय, असं तुम्ही म्हणाल. पण घरात येणारी कुठलीही मोठी वस्तू शेवटी आपल्याच हिशेबाच्या वहीत येऊन बसते. आणि गाडीच्या मागच्या सीटवर आपलीच मुलं बसतात. तेव्हा हा विषय पुरुषमंडळींवर सोपवून मोकळं होण्यातला नाही.

हल्ली घरोघरी छोटी पण जोरकस गाडी घेण्याची हौस दिसते. माझ्या लहानपणी वडिलांकडे मारुती ८०० होती. १९८३ साली आली तेव्हा या गाडीचं इंजिन ७९६ सीसीचं आणि ताकद चाळीस अश्वशक्तीच्या आतली. त्या गाडीतून आम्ही पाच माणसं आणि आंब्याची पेटी घेऊन कोकणातून वर यायचो. आता बघा, ह्युंदाईची आय-ट्वेंटी एन लाइन २०२१ साली आली, टाटांची अल्ट्रोझ रेसर २०२४ साली. दोन्ही दिसायला आटोपशीर, पण ताकद १२० अश्वशक्तीच्या आसपास. म्हणजे वडिलांच्या गाडीच्या तिप्पट! ही किमया टर्बोची. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक छोटं चक्र फिरतं आणि ते जास्तीची हवा इंजिनात कोंबतं. हवा जास्त म्हणून पेट्रोल जास्त जाळता येतं आणि म्हणून जोर जास्त.

खरं सांगू? मलाही ते आवडतं. पाय जरा दाबला की झोपाळ्यावर मागून कुणीतरी झोका द्यावा तसं होतं. म्हणूनच घरातल्या तरुण मंडळींना "अजून थोडा जोर वाढवू या" असं का वाटतं, ते मला कळतं. त्यांना हसू नका. फक्त चार प्रश्न विचारा.

आमच्याच घरची गोष्ट सांगते. दीड वर्षापूर्वी ह्यांनी आणि माझ्या धाकट्या दिरांनी मिळून चार वर्षं वापरलेली अशीच एक टर्बो गाडी घेतली. महिन्याभरात भावजी एक कागद घेऊन स्वयंपाकघरात आले. "वहिनी, हे बघा. बेचाळीस हजारांत गाडी नव्यासारखी उडेल." कागदावर तीन गोष्टी होत्या : रीमॅप, मोठ्या आवाजाचा सायलेन्सर आणि गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा. मी म्हटलं, दिवाळी होऊ दे, मग बघू. कागद गाडीच्या कप्प्यात गेला.

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरहून रत्नागिरीला निघालो. आंबा गावाच्या पुढे घाट उतरताना भावजी चालवत होते. गाडी सुरेख पळत होती, वळणावळणाला ब्रेक लागत होता. अर्धा घाट उतरल्यावर ते एकदम गप्प झाले. मग म्हणाले, "दादा, पेडल मऊ लागतंय." पुढच्या वळणावर पेडल जवळजवळ तळापर्यंत गेलं. सासूबाईंनी माझा हात धरला. मी दोन्ही मुलांना जवळ ओढलं. भावजींनी डोकं शांत ठेवलं, गिअर खाली उतरवत दुसऱ्यावर आणला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि डोंगराच्या बाजूला एका रुंद जागी गाडी थांबवली. चाकांतून जळकट वास येत होता. अर्धा तास कुणी फारसं बोललं नाही. गाडी थंड झाल्यावर पेडल पुन्हा घट्ट झालं, आणि आम्ही अगदी बैलगाडीसारखे साखरप्यापर्यंत उतरलो.

झालं काय होतं? मिस्त्रींनी नंतर समजावलं आणि मला ते स्वयंपाकघरातल्या भाषेत चटकन कळलं. ब्रेकच्या नळीत जे ब्रेक ऑईल असतं, ते हवेतली ओल शोषून घेतं, पावसाळ्यात मीठ घेतं तसं. 'डॉट ४' जातीचं ताजं ब्रेक ऑईल निदान २३० अंशांपर्यंत उकळत नाही. ओल शिरली की तोच आकडा १५५ अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाटात सारखा ब्रेक दाबला की चाकापाशी भयंकर उष्णता होते, ते ओलसर ऑईल उकळतं आणि नळीत वाफ धरते. द्रव दाबला जात नाही, वाफ मात्र दाबली जाते. म्हणून पाय आत जातो आणि ब्रेक लागत नाही. आमच्या गाडीचं ब्रेक ऑईल पहिल्या दिवसापासून बदललेलंच नव्हतं. साधारण दोन वर्षांनी ते बदलायचं असतं. खर्च? एका बऱ्या साडीपेक्षाही कमी.

आणि अशा गाडीला आम्ही आणखी जोर देणार होतो! वेग वाढला की थांबवण्याचं काम त्याच प्रमाणात वाढत नाही, ते वर्गाच्या हिशेबानं वाढतं. ताशी ६० ऐवजी १२० नं जाणारी गाडी थांबवताना ब्रेकला दुप्पट नव्हे, चौपट ऊर्जा जिरवावी लागते. शाळेत मुलांना हे गणित मी कितीदा फळ्यावर घालून दिलं असेल! घरात लागू करायला मात्र घाट उतरावा लागला.

तेव्हा मैत्रिणींनो, घरात अशी गाडी नवी आली असेल, तर खर्चाचा क्रम असा ठेवा.

पहिले टायर. एकेक टायर जेमतेम तळहाताएवढ्या जागेवर रस्त्याला टेकलेला असतो. गाडीचा सगळा जोर, सगळा ब्रेक, सगळं वळण या चार तळहातांवर. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३२४' असेल तर तो टायर २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. खाचांची खोली १.६ मिलिमीटरवर आली की टायर कायद्यानंही बाद. पण पावसाळ्यापूर्वी तितकी वाट बघू नका. हवेचा दाब किती ठेवायचा, ते ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेलं असतं. तो गाडी थंड असताना तपासायचा. जोरकस गाडीला चांगल्या जातीचे चार टायर, कंपनीनं सांगितलेल्या मापातलेच, हा सगळ्यात उपयोगी बदल. नुसते दिसायला मोठे आणि जड अलॉय घातले, तर खड्ड्यात रिम वाकते आणि गाडी उलट आळशी होते.

दुसरे ब्रेक. ब्रेक ऑईल ताजं, पॅड चांगल्या प्रतीचे, डिस्क खाचा न पडलेल्या. आणि घाट ज्या गिअरमध्ये चढतो, साधारण त्याच गिअरमध्ये उतरायचा, ही आपल्या एस. टी. चालकांची जुनी रीत विसरायची नाही.

तिसरी निगा. टर्बो गाडीला तेलाची काळजी जास्त. पुस्तिकेत लिहिलेल्या ग्रेडचंच इंजिन ऑईल, वेळच्या वेळी. गाडी कोरी असेल तर पहिले हजार किलोमीटर तिला दामटू नका. जोरात चालवून आल्यावर लगेच किल्ली फिरवून बंद करू नका. मिनिटभर शांत चालू राहू द्या, म्हणजे तापलेला टर्बो निवतो. आणि फुकटातला एक बदल सांगू? डिकी रिकामी करा! आमच्या डिकीतून जुन्या सतरंज्या, पाण्याचा कॅन आणि रद्दीचे दोन गठ्ठे निघाले. वजन कमी झालं की तेवढाच जोर जास्त जाणवतो.

मग रीमॅप. गाडीच्या संगणकातल्या आज्ञा बदलून टर्बोचा दाब आणि पेट्रोल वाढवायचं, याला रीमॅप म्हणतात. टर्बो गाडीत त्यानं जोर खरोखरच वाढतो, यात फसवणूक नाही. पण तो जोर क्लच, गिअरबॉक्स आणि इंजिनाच्या आयुष्यातून काढलेली उचल असते. दाब वाढला की पेट्रोलही वरच्या ऑक्टेनचं लागतं. नाहीतर ते आपल्या वेळेआधीच पेटतं आणि इंजिन ठोके देतं. प्रवासात गावाकडच्या पंपावर तसं पेट्रोल मिळालं नाही, तर काय करणार? गाडी वॉरंटीत असेल तर ती हातची जाण्याची भीती आहे, कारण असा बदल केल्याची नोंद अनेक गाड्यांच्या संगणकात राहते. विमा कंपनीला न कळवता बदल केला, तर अपघातानंतर दावा अडू शकतो.

कायद्याचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार, कंपनीनं ठरवलेल्या मूळ रचनेत मालकाला मनमानी बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हेच बजावलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं परवानगी नसलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली. मोठ्या आवाजाचा सायलेन्सर तर चौकातला पोलीस कानांनीच पकडतो! धूर गाळणारं यंत्र काढून नळी बसवणं म्हणजे आपल्याच मुलांच्या श्वासात विष कालवणं. आणि गाडी खाली बसवली, तर आपल्या गल्लीतला गतिरोधकच तिचं पोट खरवडेल.

ज्यांना वेगाची खरी हौस आहे, त्यांच्यासाठी वेगळी जागा असते. चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला आणि कोईमतूरला कारी मोटर स्पीडवेवर शर्यतीचे रस्ते आहेत. वर्षातून एकदा तिकडे जाऊन शिकून यावं. चालवणाऱ्यातली सुधारणा गाडी विकल्यावरही आपल्याजवळच राहते.

आमच्याकडे पुढे काय झालं? बेचाळीस हजारांतून चार टायर, पॅड आणि ब्रेक ऑईल झालं. उरलेल्यातून मी गाडी चालवायचे जादा धडे घेतले, कारण घाटात मागे नुसतं मुलांना धरून बसणं मला फार जड गेलं होतं. गेल्या महिन्यात आंबा घाट मी उतरले, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर. भावजी शेजारी बसून एकदाही बोलले नाहीत, हीच पावती. रीमॅपची हौस अजून गेलेली नाही बरं का! तो कागद कप्प्यातच आहे. मधूनमधून बाहेर येतो. मग मी विचारते, "टायर कधी बघितलेत?"

तुम्हीही आज संध्याकाळी एवढंच करा. खाली जा, टायरवरचे ते चार आकडे वाचा आणि 'ब्रेक ऑईल शेवटचं कधी बदललं?' असं घरात विचारा. उत्तर चटकन आलं नाही, तर बाकीची हौस थोडी लांबणीवर टाकायला हरकत नाही.

पुढच्या आठवड्यात पुन्हा आपल्या माळ्यावर, वाळवणांच्या डब्यांकडे!