संसदेचा नकार कसा गाळला?

संपादक महोदय,

रियाधने बोलावले की इस्लामाबाद निमूट धावते, हा आपल्या लेखातला दावा अर्धवट आहे. २०१५ मध्ये येमेनच्या युद्धासाठी सौदी अरेबियाने विमाने, युद्धनौका आणि सैन्य मागितले. पाकिस्तानी संसदेच्या संयुक्त अधिवेशनाने १० एप्रिलला एकमताने तटस्थतेचा ठराव केला. तोही आदल्याच वर्षी सौदीकडून दीड अब्ज डॉलर पदरात पडले असताना! लष्करापुढे संसदेचे काही चालत नाही, असे यावर म्हटले जाईल. २०१८ मध्ये सैन्य सौदीत गेले, हे खरेच. पण ते प्रशिक्षणासाठी असून येमेनमध्ये जाणार नाही, असे संरक्षणमंत्री खुर्रम दस्तगीर यांना सिनेटसमोर सांगावे लागले, आणि तेवढ्यानेही सभापती रझा रब्बानी यांचे समाधान झाले नाही. सप्टेंबर २०२५ च्या सौदी-पाकिस्तान संरक्षण कराराचा अर्थ लावताना हा इतिहास वगळणे म्हणजे सोयीचे तेवढेच वाचणे.

आपला,
एक वाचक, सोलापूर